गोळीनं केलं की अण्णांनी?

पार्किन्सनच्या आजारावरच्या काही औषधांमुळं माणसाला जुगाराचा नाद लागू शकतो, ही गोष्ट डॉक्टरांना आता नवी राहिलेली नाही. पण तो माणूस आपल्याच घरातला असला, त्यानं बायकोचं गंठण विकलेलं असलं आणि पुढं डॉक्टरच म्हणाले की हे औषधामुळं झालं, तर त्या गंठणाचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? सोलापुरातल्या एका घरात हा प्रश्न आला आणि बरेच महिने सुटला नाही. इच्छास्वातंत्र्य खरं की सगळं आधीच ठरलेलं, या वादावर मी वर्गात वर्षानुवर्षं बोलत आले आहे. या घरात त्या वादातला प्रत्येक पक्ष एकेका माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पूर्व भागातलं. अण्णांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात, नक्षी विणणारं जेकार्ड यंत्र लावलेल्या मागांवर गेलं. काकूंनी विड्या वळून संसाराला हातभार लावला. थोरला मुलगा एका दुकानात हिशेब बघतो. धाकटी लेक माझी जुनी विद्यार्थिनी. अण्णा निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप घासत राहायला लागला. ते आधी काकूंच्याच लक्षात आलं. बोटांकडं बघत काम करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पुढं चालताना पाय घासायला लागले, चेहरा कमी हलायला लागला, आणि निदान झालं.

आधी लेव्होडोपा सुरू झालं. नंतर त्याच्या जोडीला प्रॅमिपेक्सोल आलं आणि त्याचा डोस हळूहळू वाढत गेला. गुण चांगला आला. हाताची थरथर कमी झाली, अण्णा संध्याकाळी एकटे कन्ना चौकापर्यंत चालत जायला लागले. घरात सगळ्यांना आनंद झाला. ते चालतात कुठं, हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.

ते मटक्याचा आकडा लावायला जात होते.

अण्णांनी कारखान्यात असताना कधी आकडा लावला नव्हता. पगाराच्या दिवशी सोबतचे कामगार टपरीवर थांबायचे तेव्हा हे सरळ घरी यायचे, असं काकू अजूनही सांगतात. आता मात्र ओपन, क्लोज, जोडी सगळं सुरू झालं. एक आकडा लागला तर साधारण नऊपट मिळतात आणि आकडे दहा असतात. म्हणजे दीर्घकाळ खेळणारा हरणारच, हे गणित अण्णांना तोंडपाठ होतं. लेकीनं नंतर विचारलं तेव्हा त्यांनीच ते तिला समजावून सांगितलं. आधी फंडाची रक्कम गेली. मग नातीच्या फीसाठी मुलानं कपाटात ठेवलेले पैसे. शेवटी गंठण. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत काकूंनी ते घालायला काढलं, तर डबी रिकामी. चोर शोधण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या ट्रंकेत, जुन्या चादरीच्या घडीत, चिठ्ठ्यांचं पुडकं सापडलं.

मुलानं बोलणं टाकलं. जेवणाचं ताट पुढं सरकवायचा, पण तोंडाकडं बघायचा नाही. लेकीला मात्र एक गोष्ट खटकत होती: सुरुवात कधी झाली? चिठ्ठ्यांवरून महिने लावत गेली तेव्हा तिला दिसलं, की नवी गोळी वाढवल्यानंतरच सगळं सुरू झालं आहे. ती डॉक्टरांकडं गेली. त्यांनी हा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं आणि गोळी टप्प्याटप्प्यानं कमी केली. (ही गोळी कुणीही आपल्या मनानं एकदम थांबवू नये. त्यानं घबराट, नैराश्य आणि बरंच काही उद्भवू शकतं.) काही आठवड्यांत ती ओढ ओसरली. अण्णा त्याच टपरीवरून जातात आणि त्यांना तिथं थांबावंसं वाटत नाही.

इथपर्यंत ही वैद्यकीय गोष्ट झाली. खरं भांडण यानंतर सुरू झालं.

मुलानं एका दिवसात बापाला माफ केलं. त्याचं म्हणणं, "ते अण्णा नव्हतेच. ते औषध होतं." लेक अडून बसली. ज्या महिन्यांत तिनं "अण्णा, पैसे कुठं गेले?" असं तोंडावर विचारलं होतं, त्या महिन्यांत अण्णांनी तिच्या डोळ्यांत बघून खोटं सांगितलं होतं. गोळीनं ओढ लावली असेल, पण खोटं कुणी बोललं? आणि अण्णा स्वतः? त्यांना मुलाची माफी नको होती. "सराफाकडं सही मी केली की. गोळीनं नाही केली," एवढंच ते म्हणायचे आणि काकूंच्या गंठणाचे पैसे फेडायची भाषा करायचे. मुलगा ते ऐकूनही घेत नव्हता.

औषधाची बाजू आधी नीट बघू. प्रॅमिपेक्सोलसारखी औषधं मेंदूत डोपामिनची नक्कल करतात. पार्किन्सनमध्ये हालचालींशी संबंधित भागात डोपामिन कमी पडतं, म्हणून ती देतात. पण मेंदूत बक्षिसाची अपेक्षा, हव्यास, 'अजून एकदा' ही भावना ज्या वाटांनी चालते त्या वाटांवरही ही औषधं काम करतात आणि तिथं डोपामिन तेवढं कमी पडलेलं नसतं. हात सुधारतो आणि हाव वाढते, ती या कारणानं. अमेरिका आणि कॅनडातल्या 3090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी काही ना काही आवरेनासं झालेलं आढळलं. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं.

हे आकडे मुलानं आणि लेकीनं, दोघांनीही माझ्यापुढं आपापल्या बाजूनं मांडले. मुलगा म्हणाला, बघा, दुपटीहून जास्त. लेक म्हणाली, मॅडम, शंभरातल्या ब्याऐंशी-त्र्याऐंशी जणांना काहीच होत नाही, मग गोळीनं 'करायला लावलं' कसं म्हणायचं? लेकीचा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो, पण तो टिकत नाही. शंभरातले ऐंशी जण एखाद्या तापातून वाचतात म्हणून उरलेले वीस जण स्वतःच्या मर्जीनं मेले असं आपण म्हणत नाही. प्रत्येकाचा मेंदू वेगळा, आनुवंशिकता वेगळी. टक्केवारीवरून एका माणसाला किती मोकळीक होती हे काढता येत नाही, या बाजूनंही नाही आणि त्या बाजूनंही नाही.

तिचा दुसरा मुद्दा मात्र मला सहज बाजूला सारता आला नाही. ज्या दिवशी मुलगा घरी असायचा त्या दिवशी अण्णा टपरीवर जात नसत. चिठ्ठ्या लपवायला त्यांनी अशी जागा शोधली होती की जिथं कुणी हात घालणार नाही. म्हणजे आवरणं शक्य होतं! कायद्याच्या जगातही ही कसोटी जुनीच आहे: शेजारी पोलीस उभा असता तर यानं हे केलं असतं का? केलं नसतं, तर तो स्वतःला आवरू शकत होता.

मी अण्णांनाच विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आज नको जायला, हे जमायचं की ओ. जायचंच नाही, हे जमायचं नाही." ओढ पुढं ढकलता येत होती, सोडता येत नव्हती. मुलाच्या धाकानं एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट रक्कम लागायची. लपवणं, वेळ साधणं, खोटं बोलणं ही सगळी हुशारी शाबूत होती आणि ती त्या ओढीच्या दिमतीला लागली होती. म्हणून मी दोघांनाही सांगितलं, की अण्णा 'मोकळे होते की बांधलेले' असा एकच प्रश्न विचारून हे सुटणार नाही. माणूस एका बाबतीत मोकळा आणि दुसऱ्या बाबतीत जखडलेला असू शकतो, आणि जखडण्यालाही पायऱ्या असतात.

मुलानं मग वाद एकदम वर नेला. त्यानं मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं, की मेंदू आधी ठरवतो आणि आपल्याला नंतर कळतं. "मग अण्णांचंच कशाला, माझंही तसंच. मी चिडलो ते पण केमिकलच. कुणाचाच काही दोष नाही."

त्यानं पाहिलं होतं तो मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा 1983 सालचा प्रयोग. लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल वाढायला लागते आणि 'आता हलवावं' अशी जाणीव मात्र सुमारे पाव सेकंद आधी होते, असं दिसलं. यावरून 'इच्छा हा भास आहे' असा डंका पिटला गेला. पुढं 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ती आधीची वाढ म्हणजे घेतलेला निर्णयच असेल असं नाही. मेंदूत सतत चाललेल्या चढउतारांची सरासरी काढली तरी तसाच आलेख मिळतो. आणि मनगट कधी हलवायचं याला कारणच नसतं. गंठण विकावं की नाही, याला कारणं असतात, माणसं असतात, आठवणी असतात. त्या प्रयोगातून या प्रश्नावर फारसा उजेड पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण मुलाच्या मुद्द्याचा गाभा लिबेटवर अवलंबून नाही. 1814 मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी लिहिलं, की विश्वातल्या प्रत्येक कणाची आत्ताची स्थिती आणि सगळी बलं ज्या बुद्धीला कळतील तिला पुढचं सगळं दिसेल. आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी, बुद्धाच्या काळात, आजीवक पंथाचा मक्खली गोसाल सांगत होता, की प्राण्यांच्या चांगल्या-वाईटाला पुरुषार्थ कारण नाही, नियती कारण आहे. टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं ते याच पेचासाठी: सगळं कर्माच्या साखळीनं बांधलेलं असेल तर 'असं कर, तसं करू नकोस' हे सांगण्यात अर्थ काय? अणूंच्या पातळीवर काही गोष्टी नुसत्या योगायोगानं घडतात असं आजचं भौतिकशास्त्र म्हणतं, पण त्यानं सुटका होत नाही. योगायोगानं वळलेला हात हाही माझा निर्णय नव्हे.

या टप्प्यावर अण्णांनी जे सांगितलं ते मी आता वर्गात सांगते. मुलगा म्हणाला होता, "माणूस म्हणजे जेकार्डवरची चादर. कार्डात भोक जिथं, तिथंच धागा उठणार." बापाच्या धंद्यातलंच उदाहरण त्यानं दिलं होतं आणि ते चपखल होतं. जेकार्डच्या मागावर जाड कार्डांची माळ फिरते. भोकं पाडलेली असतात त्याप्रमाणे ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि नक्षी उठते. 1804 च्या सुमाराला फ्रान्समध्ये जाकार यांनी हे यंत्र पूर्णत्वाला नेलं, आणि सोलापूरच्या चादरीवरची फुलं त्याच तत्त्वावर उमलत आली.

अण्णा म्हणाले, "माग कापड बघत नाही. कार्ड फाटलं तरी तो चुकीची नक्षी विणतच बसणार, बीम संपेपर्यंत. मी बघायचो. फूल वाकडं आलं की माग बंद करायचो. मला पण कुणीतरी शिकवलेलंच होतं की बघायला, मालकाचा धाक पण होता. पण बघायचो मीच ना?"

मुलाकडं याचं उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते लाप्लासकडंही नाही. अण्णांचं बघणंही कारणांनीच घडलं, हे ते स्वतः कबूल करतात. त्यांना तक्रार कारणांबद्दल नाहीच. आपण काय करतो आहोत हे बघून, ते चुकतं आहे असं वाटलं तर थांबता येणं, याला ते मोकळेपण म्हणतात. कारणांची साखळी आणि असं मोकळेपण एकत्र नांदू शकतात, ही भूमिका तत्त्वज्ञानात फार जुनी आहे आणि मला तीच पटते. तिच्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेपही मला ठाऊक आहे: बघण्याची ताकद तरी कुठं आपल्या हातात होती? ती ज्याला मिळाली त्याला मिळाली. हे खरं आहे. म्हणूनच शिक्षा देताना हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. पण ताकद मिळालेली होती की नव्हती, हा फरक त्यानं पुसला जात नाही. गोळीनं अण्णांचं बघणं शाबूत ठेवलं आणि माग बंद करणारा हात धरून ठेवला. त्यांची हतबलता नेमकी तेवढी होती.

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी 1971 मध्ये व्यसनी माणसांचे काही नमुने मांडले होते, त्यांतले दोन इथं कामाचे. एकाला व्यसन हवं असतं आणि आपल्याला ते हवंसं वाटतं हेही त्याला मान्य असतं. दुसऱ्याला हवं असतं, पण ही हाव नसावी असं आतून वाटत असतं. तो स्वतःच्याच इच्छेपुढं हरतो. अण्णा रात्री सिद्धेश्वराची शपथ घ्यायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी जायचे, त्यावरून ते दुसऱ्या नमुन्यातले वाटतात. लेकीला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण अण्णांनी प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली: आकडा फुटेपर्यंतचे ते दोन तास त्यांना आजार झाल्यापासूनच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास वाटायचे. त्या वेळात ही ओढ नसावी असं त्यांना वाटत नव्हतं. माणूस दिवसभरात एकाच नमुन्यात बसत नाही, हे फ्रँकफर्टच्या मांडणीत दिसत नाही.

कायद्याकडून इथं मदत मिळत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम 84, मनोविकलतेचा बचाव देतं तो कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नसेल तर. अण्णांना सगळं कळत होतं. त्यांचं बिघडलं ते कळण्यात नाही, थांबण्यात, आणि थांबता न येण्याला हे कलम ओळखत नाही. सुदैवानं प्रकरण घरातच होतं.

मात्र मुलाच्या माफीनं घरात काय झालं, ते बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. त्यानं अण्णांचं पासबुक आपल्याकडं घेतलं, मोबाइलवरचे व्यवहार बंद केले. हे ठीकच होतं, डॉक्टरांनीही तसं सुचवलं होतं. पण त्याबरोबर बाकीचंही गेलं. अण्णांवर कुणी चिडेना. त्यांचं मत कुणी विचारेना. नातीच्या शाळेची चर्चा त्यांच्यासमोर चालायची आणि ते बोलायला लागले की मुलगा मायेनं म्हणायचा, "असू द्या अण्णा, तुम्ही आराम करा." ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी 1962 मध्ये हेच सांगितलं होतं: राग, कृतज्ञता, दुखावणं, माफी ही आपण माणसाला माणूस धरल्याची खूण आहे. 'याचा इलाज करायचा आहे, याला सांभाळायचं आहे' अशा नजरेनं बघायला लागलो की राग जातो, पण त्याच्यासोबत नातंही जातं. काही काळ ती नजर लागते. ती कायमची झाली की समोरचा माणूस आपल्यालेखी उरत नाही.

गंमत म्हणजे त्या घरात अण्णांना माणूस धरणारी एकटी लेकच होती, जी अजून रागावलेली होती. अण्णा तिच्याशीच जास्त बोलत, ते मी पाहिलं.

दोष कुणाचा म्हणाल, तर मी तो असा लावते. गोळी वाढल्यानंतरच्या महिन्यांचा अण्णांना दोष देऊ नये. पहिल्या काही दिवसांचा थोडा द्यावा: ही ओढ आपल्या स्वभावातली नाही, परकी आहे, हे त्यांना जाणवलं होतं, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी "अजून काही त्रास?" असं विचारलं तेव्हा ते लाजेनं गप्प बसले. पण तो दोष लहान आहे, कारण त्रास आणि गोळी यांचा संबंध असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. औषध लिहून देताना हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं. इथं मोठी चूक आहे. आणि एका थरथरत्या म्हाताऱ्याकडून रोज वाढत्या रकमा घेणारा आकडेवाला, त्यानं तर कुठलीच गोळी घेतली नव्हती. घरातल्या एवढ्या महिन्यांच्या वादात त्याचं नाव एकदाही निघालं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

राहिली परतफेड. दोष लहान असला तरी फेडायची जबाबदारी अण्णांनी स्वतःहून घेतली आहे, आणि ती घेण्याचा त्यांना हक्क आहे असं मी मुलाला सांगितलं. काकूंचं गंठण त्यांच्या सहीनं गेलं, त्यांच्या हातानं परत यावं. पेन्शन थोडी आहे. गंठण पुरं व्हायला वर्षं लागतील. काकूंनी रक्कम घ्यायला एका शब्दानं होकार दिला, मला वाटतं त्यांना हे आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. लेक गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन सराफाकडं जाऊन भाव विचारून आली. मुलगा मात्र नातीच्या फीचे पैसे अण्णांकडून हातात घेतो आणि त्यांना न सांगता त्यांच्याच खात्यात परत भरतो. त्याच्या मनात प्रेमच आहे. तरी हे बंद कर, असं मी त्याला सांगितलं आहे. अण्णांना पासबुक परत मिळेल त्या दिवशी ते भरणा बघतील आणि आपण इतके महिने काहीच फेडलं नाही हे त्यांना कळेल. तो विचार करतो म्हणाला आहे.